दिवाणाचं पथ्य

"आधी तुम्ही खायचं, मग तो खाईल," चारुलता म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातल्या कुत्र्याकडे. कुत्रा कसला, नुसता हाडांचा सापळा. करजणच्या रस्त्यावर एका बंद गोदामात त्याला बांधून कुणीतरी निघून गेलं होतं. साखळी रुतून गळ्याला जखम झाली होती, खरजेनं पाठीवरचे केस गेले होते. चारुलता आजारी कुत्र्यांच्या ज्या आश्रमात रविवारी मदतीला जायची, तिथं पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

"मी कशाला खायचं?" बाबांनी विचारलं.

तिनं एका दमात सगळं सांगितलं. याला कुणीतरी अन्नातून काहीतरी घातलं होतं, म्हणून त्याच भांड्यातलं माणसानं खाल्लेलं बघितल्याशिवाय तो तोंड लावत नाही. गोळीचंही तेच. शिवाय हृदय कमजोर आहे. जेवण बिनमिठाचं, सकाळी नऊला गोळी, दोन्ही वेळा अर्धा तास फिरणं.

यातली जखम आणि खरूज तेवढी खरी होती. बाकीचं तिनं तरसालीहून सुभानपुऱ्याला बाबांच्या घरी येताना रिक्षात रचलं होतं.

रचणार नाही तर काय करणार? बाबा, म्हणजे शरच्चंद्रराव, रेल्वेच्या कचेरीत आयुष्यभर वेळेवर गेलेले, पण दिवाळीत हृदयाचा झटका येऊन गेल्यावर मात्र हटून बसले होते. डॉक्टरांनी मीठ तोडलं, गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं. यांनी गोळ्यांची पाकिटं न उघडता कपाटात टाकली. "तुझी आई गेली. आता कुणासाठी?" एवढंच म्हणायचे. आईमागोमाग बाबाही जाणार, या भीतीनं तिचा जीव टांगणीला लागला होता. स्वतःसाठी जे करत नाहीत, ते मुक्या जनावरासाठी तरी करतील, अशी तिची अटकळ.

अटकळ बरोबर निघाली. दुसऱ्या दिवशी नऊला बाबांनी स्वतःची गोळी कुत्र्याला दाखवून गिळली आणि मग चारुलतानं हृदयाची म्हणून आणलेली शक्तीची गोळी भातात घालून त्याला दिली. तो आईच्या जुन्या खुर्चीत जाऊन बसला आणि अर्ज नामंजूर करावा तसा सगळ्यांकडे बघू लागला, म्हणून बाबांनी त्याचं नाव दिवाण ठेवलं. आठवड्यातून दोनदा औषधाच्या पाण्यानं त्याला अंघोळ घालायची, गळ्याला मलम लावायचं, हे काम त्यांनी कुणालाही करू दिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"काल संध्याकाळी मी जेवलो, तरी यानं ताटलीला तोंड लावलं नाही. परवा तू होतीस तर पटकन खाल्लं. मला वाटतं, दोन माणसं जेवलेली बघितल्याशिवाय याचा विश्वास बसत नाही."

चारुलता चाटच पडली. आपली थाप अशी खरी होईल, वर तिला पालवी फुटेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पण स्वतःच लावलेलं रोप, उपटणार कसं? शाळेतलं शिकवणं आटोपलं की ती रोज सुभानपुऱ्याला जाऊ लागली.

बिनमिठाची दुधीची भाजी, वर लिंबू, भात, पोळ्या. दोन ताटं आणि एक ताटली. दिवाण मान वाकडी करून बघत राहायचा, आणि बाबा गंभीरपणे म्हणायचे, "अजून अर्धी पोळी घे, तो बघतोय." ती निमूट घ्यायची. आनंद, तिचा नवरा, जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती दोन्ही वेळा चहा आणि खारीवर भागवत होती. हे मात्र तिनं बाबांना कधी कळू दिलं नव्हतं. त्यांच्या जिवाला आणखी घोर कशाला?

एप्रिलपर्यंत दिवाणाच्या पाठीवर तांबूस केस आले. बाबांची तपासणीही झाली. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. चारुलतालाही शाळेतल्या बायका म्हणू लागल्या की तोंडावर जरा तेज आलंय.

आता तिला ती थाप टोचू लागली. इतक्या सरळ माणसाला आपण तीन महिने फसवतोय. सांगितलं तर रागावून पुन्हा गोळ्या सोडतील, ही धास्ती होतीच. तरी एका रविवारी तिनं मनाचा हिय्या केला आणि न कळवता सकाळीच निघाली.

सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन लक्ष्मण सेवउसळ खात बसला होता. दिवाण त्याच्या पुढ्यात उभा होता. लक्ष्मणनं अख्खा कोरा पाव त्याच्यापुढे धरला. आधी कुणी चाखला नाही, काही नाही. दिवाणानं दोन घासांत तो फस्त केला आणि शेपटी हलवत दुसऱ्याची वाट बघू लागला.

"हा असाच खातो?" चारुलतानं विचारलं.

लक्ष्मण गडबडून उभा राहिला. "नुसता पाव देतो, बेन. तिखट नाही देत."

"कधीपासून?"

"आला त्याच्या तिसऱ्या दिवसापासून. साहेबच घेऊन येतात ना फिरायला. आज पण आत्ताच सोडून वर गेले. ते स्वतः उसळीला शिवत पण नाहीत. हा खातो ते बघून हसत बसतात."

"मग मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

लक्ष्मणनं एकदा वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली केला.

"साहेबांनी सांगायची ना पाडलीय, बेन. म्हणाले, चारूला कळलं तर ती परत चहा आणि खारीवर राहील."