एकविसावा कान

व्हिएन्नात गाइडचं काम म्हणजे रोज संध्याकाळी परक्यांच्या कानातला मळ पुसणं. पर्यटक माझं बोलणं कानात घातलेल्या यंत्रातून ऐकतात आणि दिवस संपला की वीस यंत्रं पिवळी, चिकट होऊन परत येतात. शी!

आज पिशवीत जादा म्हणून ठेवलेलं एकविसावंही बरबटलेलं निघालं. ते मी कुणाला दिलंच नव्हतं.

"चर्चच्या तळघरात शवपेटीत पडलेल्या त्या सरदारीणबाईंनी घेतलं असेल," बसचा ड्रायव्हर पोल्डी खिदळला. "सकाळी तूच सगळ्यांना हसवलंस ना, हिचे कान उंदरांनी नेले म्हणून?"

"गप रे मेल्या!"

तरीही मी माइक तोंडाशी धरला नि पुटपुटले, "चुकलं माझं, बाईसाहेब."

हातातल्या एकविसाव्या यंत्राच्या स्पंजातून ताजा, कोमट मळ माझ्या बोटांवर ओघळला.