हायवे ओलांडताना

गाडीची चावी डेल्बर्टच्या खिशात होती आणि ती आईला परत द्यायचा त्याचा मुळीच विचार नव्हता.

“काल हायवेच्या मधोमध उभी होतीस तू. गव्हाचा ट्रक हातभर अंतरावरून गेला. अख्खं गाव मला सांगतंय.”

“मी नव्हते उभी. गाडी उभी होती,” व्हर्ना म्हणाली. ऐंशी ओलांडलेली बाई, पण आवाज अजून खणखणीत. “मी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, ती खोकली आणि बसली.”

“सकाळी मी गाडी घेऊन शेताला दोन चकरा मारल्या. काही झालं नाही तिला. तुलाच पाय दाबायला उशीर झाला असणार, आई. वय झालं की होतं असं.”

“दाबला होता.”

“शपथ?”

“मेथॉडिस्टांचा जावई झालास आणि शपथा घालायला लागलास होय रे? आपल्या चर्चमध्ये शपथ नाही घेत कोणी. दाबला म्हणजे दाबला.”

म्हातारी खोटं बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण खोटं न बोलताही माणूस चुकतोच की! आणि इथं चुकलं तर दुसरी संधी नाही. व्हर्नाचं दुःख वेगळं होतं. चावी गेली की हायवेपलीकडचं चर्च गेलं, मंगळवारी बायका मिळून गोधड्या शिवतात ते गेलं. मग उरलेलं आयुष्य खिडकीतून गहू बघत काढायचं.

“सकाळी चालवलीस कशी? शाळेची बस चालवतोस तशी?”

“मग? मागं पोरं बसलेली असतात. सवयच झालीय.”

“म्हणजे हळूहळू दाबलास. मला हायवे ओलांडायचा असतो बाबा, मी खाडकन दाबते. दाबून बघ एकदा.”

तिचं समाधान करायचं म्हणून तो गाडीत बसला. चौसष्ट सालची ती लांबलचक हिरवी गाडी अंगणात गुरगुरत होती. त्यानं खाडकन पाय दाबला. इंजिन भक्क करून दबलं, गाडीनं गचका खाल्ला आणि जागच्या जागी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच.

“अरे तिच्या!” डेल्बर्टच्या तोंडून निघालं. आईनं डोळे वटारले, तसा तो गुपचूप उतरला आणि त्यानं बॉनेट उघडलं.

एअर फिल्टरचं ताट बाजूला काढून त्यानं कार्बोरेटरच्या घशात बॅटरी मारली. “आत बघ आता. इंजिन बंद आहे. मी हा ॲक्सिलरेटरचा दांडा ओढला की आत पेट्रोलची पिचकारी उडायला पाहिजे. खाडकन पाय दाबला की त्या पिचकारीवरच गाडी उचलते.”

त्यानं दांडा ओढला. आत एक थेंब गळला, तोही मोठ्या नाखुशीनं.

मग वरचे स्क्रू निघाले आणि आतला बोटाएवढा पंप बाहेर आला. व्हर्नानं तो तळहातावर घेतला. टोकाला चामड्याची वाटी होती, वाळून पार आकसलेली.

“हे तर आपल्या पवनचक्कीच्या पंपातल्या चामड्यासारखं झालंय,” ती म्हणाली. “वाळलं की दांडा नुसताच वरखाली होतो, पाणी येत नाही. पण हे कशानं वाळलं?”

“गाडी उभी राहून. बाबा गेल्यावर दोन हिवाळे कोठारातच होती ना.”

“कोणी ठेवायला लावली होती कोठारात?”

डेल्बर्ट तेलाचा डबा शोधायला लागला. त्यानंच लावली होती.

चामडं तेलात भिजेपर्यंत दोघांनी जेवून घेतलं. पनीर भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे व्हेरेनिके, वर हॅमचा रस्सा. जेवण झाल्यावर व्हर्नानं अंगठ्यानं चामड्याची कड हळूहळू फाकवली आणि पंप पुन्हा जागेवर बसला. डेल्बर्टनं दांडा ओढला. दोन बारीक, सरळ पिचकाऱ्या झर्रकन उडाल्या. त्यानं आणखी एकदा ओढला, मग उगाचच आणखी एकदा.

“पुरे रे! पेट्रोल पितोयस की काय?” ती म्हणाली. पण ती हसत होती.

“नवीन पंप मागवतो. तोवर एवढ्यावर चालेल.” त्यानं खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. “गाडीचं झालं, आई. पायाचं अजून बघायचंय.”

“मग बस शेजारी. आज मंगळवारच आहे.”

डेल्बर्टनं चावी तिच्या हातात दिली आणि शेजारी बसला. हायवेच्या ‘थांबा’ पाटीशी व्हर्ना थांबली. डेल्बर्टनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोन्हीकडे रस्ता मोकळा.

“चल, जा.”

ती गेली नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर, नजर उजवीकडे, जिथं रस्ता ओढ्यापाशी खोल उतरतो.

“आई, मोकळा आहे रस्ता. जा ना!”

तरी पाय हलेना. गाडीचा दोष सापडला म्हणून मघापासून डेल्बर्टला केवढं बरं वाटत होतं, आणि शेवटी पायच दगा देत होता. आता हे तिला कसं सांगायचं?

तेवढ्यात ओढ्याच्या खोलगटातून गव्हाचा ट्रक वर आला आणि धडधडत समोरून निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली. व्हर्नानं पुन्हा दोन्हीकडे पाहिलं आणि खाडकन पाय दाबला. गाडीनं उसळी घेतली, डेल्बर्टची पाठ सीटला आपटली, आणि ते पलीकडे होते.

चर्चच्या अंगणात ती उतरली. सुईदोऱ्याची पिशवी काखोटीला मारली, चावी काढून आपल्या पर्समध्ये टाकली.

“आणि मी घरी कसा जाऊ?” त्यानं विचारलं.

“चालत जा. मला संध्याकाळ होईल.” दोन पावलं जाऊन ती वळली. “आणि डेल्बर्ट, हायवे ओलांडताना नीट बघ हं.”