एक बांगडा कमी

ताटलीत पुन्हा एक तळलेला बांगडा कमी होता. मी तिन्ही मांजरांची तोंडं हुंगली, दोन्ही कुत्र्यांना दरडावलं. सगळी मेली साळसूदपणे माझ्याकडे बघत होती.

“त्या बोक्याचंच काम,” जपाची माळ ओढत सासूबाई म्हणाल्या. सासरे गेले तेव्हाच त्यांनी मासळी सोडली होती.

तेवढ्यात काळ्या कुत्र्याने परसातून उकरून कागदाची पुडी आणली. आत काटे होते, स्वच्छ चोखलेले. पुडी काही बोका बांधत नाही. मी वळून पाहिलं, तर सासूबाईंची माळ थांबली होती.

मी पुडी गुपचूप बंबात टाकली.

दुसऱ्या दिवशी दोन बांगडे ताटलीत उघडेच ठेवले आणि चपला घातल्या. “आई, तासाभराने येते. बोका आला तर हाकलू नका हं.”