दोन सारख्या बाटल्या

शिल्पाच्या फ्रिजवर तशीच पांढरी बाटली दिसली आणि आपण वर कशाला आलो तेच सिंधुला आठवेना.

तसलीच बाटली खाली व्यंकटच्या कपाटात, बनियनांच्या मागं होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्याचं रक्त तपासलं, तेव्हापासून. ऑपरेशन पुढं ढकललं आणि गोळ्या सुरू झाल्या. कसल्या, असं तिनं विचारलं होतं. "लिव्हरच्या," एवढंच म्हणून तो दुकानाला निघून गेला होता. लातुरात त्याचं बारदान्याचं दुकान होतं. जुनी पोती शिवून पुन्हा विकायची, काही वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा धंदा आणि स्वभावही.

शिल्पा वरच्या खोल्यांतली भाडेकरू. नवरा पुण्याला, आणि ही इथं क्लासच्या पोरांची मेस चालवायची. पस्तिशीची, हसरी, कामाला वाघीण. सिंधुला ती आवडायची. म्हणजे आतापर्यंत.

दर सोमवारी शिल्पा उपाशीपोटी खाली यायची. सिंधुकडं शुगर तपासायचं मशीन होतं, मुलानं, हरिओमनं पाठवलेलं, आणि त्याचा तिला कोण अभिमान. आधी ती स्वतःचं बोट टोचून घेई, मग व्यंकटचं, मग शिल्पाचं. पट्टी प्रत्येकाला नवी, त्यात हयगय नाही. टोचताना शिल्पा डोळे गच्च मिटायची आणि व्यंकट तिला हसायचा. मग तिघं बिनसाखरेचा चहा घेत.

ते हसणं आता सिंधुच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्याच घरात, आपल्याच समोर, आणि आपण मूर्खासारखा चहा गाळत बसलो.

गुरुवारी व्यंकटनं इस्त्रीचा शर्ट घातला. तो स्कूटर घेऊन गेला, आणि थोड्या वेळानं शिल्पा पर्स घेऊन जिना उतरली. सिंधु गच्चीवर पळाली. कोपऱ्यावर स्कूटर थांबली होती. शिल्पा मागं बसली.

सिंधुनं ऑटो केला. हरिओमच्या बाळंतपणात नांदेडला ती मरता मरता वाचली, तेव्हा तिला चढवायचं रक्त मिळवायला हाच माणूस अनवाणी गावभर पळाला होता. तोच हा. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

स्कूटर सरकारी दवाखान्यात शिरली. सिंधु आत पोचली तेव्हा दोघं एका बाकावर बसले होते. व्यंकट केळं सोलत होता. अर्धं त्यानं शिल्पाला दिलं.

"काय करायलात इथं?" सिंधुनं विचारलं.

व्यंकटच्या हातातलं केळं खाली पडलं. "तू कशी काय आलीस?"

"काकू, आम्ही इथंच अचानक एकमेकांला दिसलो," शिल्पा घाईनं उठली. "दोघांला एकच आजार निघाला. लाज वाटली, म्हणून सांगितलं न्हाई."

"दोघांला एकच!" सिंधु ओरडली. "वा."

आरडाओरडा ऐकून तिथल्या आरती सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी तिघांनाही आत घेतलं. "मावशी, ह्याला हेपॅटायटिस सी म्हणतात. एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात गेलं की होतो. कधी कधी संबंधातूनही, पण ते क्वचित. गोळ्यांनी बहुतेक सगळे बरे होतात. घरच्यांनी मात्र तपासून घ्यावं."

सिंधुनं त्यातलं एकच ऐकलं. संबंधातून.

"माझं बी तपासा," ती म्हणाली. आपण स्वच्छ निघू आणि मग ह्या दोघांना चारचौघांत दाखवू, एवढंच तिच्या मनात होतं.

सिस्टरनी दंडातून रक्त घेतलं. "पूर्वी ऑपरेशन? गोंदण? कधी रक्त चढवलेलं?"

"मला कशाला विचारता? ह्या दोघांला विचारा की."

थोड्या वेळानं पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पक्कं कळायला मोठी तपासणी करू, पण आजार तुम्हालाही दिसतोय, असं सिस्टर म्हणाल्या.

सिंधुचा आवाज असा चढला की बाहेरचे लोक दारात गोळा झाले.

"तिच्याकडनं तुम्हाला आन् तुमच्याकडनं मला. सरळ हाय! शिल्पा, आज सांजच्याला खोल्या रिकाम्या कर. आन् तुम्ही बी तिच्यासंगं जावा. मी हरिओमकडं चालले. मेले तरी तुमचं तोंड बघणार न्हाई."

"सिंधु, सिद्धेश्वराची आण घेतो," व्यंकट म्हणाला. "पोरीवाणी हाय ती मला."

"देवाला मधी आणू नका."

शिल्पा तोंडाला पदर लावून रडत होती. सिस्टरनी दारातल्या लोकांना हटवलं आणि सगळ्यांना उसंत मिळावी म्हणून की काय, नेहमीचं काम सुरू केलं. शिल्पाचं बोट धरलं, शुगरसाठी टोचलं, थेंब पट्टीवर घेतला आणि सुई डब्यात टाकून दिली. मग व्यंकटसाठी नव्या सुईचं पाकीट फोडलं.

सिंधु दाराकडं वळली होती. तिला थांबवायचं तर काहीतरी बोलायला हवं, तिचं कौतुक केलं की ती विरघळते, हे व्यंकटला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं. डोळे पुसत तो उगाच हसला.

"चांगली सुई फेकली व्हय, सिस्टर? आमच्या हिच्याकडनं शिका जरा. दिवाळीपासून एकच सुई हाय घरात, आम्हा तिघांला पुरवली हिनं."