हलक्या माणसाची गाडी

मागच्या हिवाळ्यात मार्लीने वडिलांच्या बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाईलला धक्के झेलणारे पुढचे नवे शॉक स्वतः बसवले होते, आणि त्यांचा दोनशे तीस पौंडांचा देह पेलेल एवढी हवा त्यांत मोजून भरली होती. यंदा आयडाहोच्या डोंगरात बर्फ पडून आठवडा झाला, तेव्हा दाढी-मफलरात चेहरा बुडवून बाबा गाडी घेऊन तिच्या गॅरेजात आले. तिने हवेचा दाब मोजणारा गेज लावला, तर दोन्ही शॉकमधली हवा निम्म्यावर, आणि दोन्हीकडे अगदी सारखी. म्हणजे गळती नव्हती. कुणीतरी मुद्दाम कमी केली होती.

मार्लीच्या मनात पाल चुकचुकली. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि उन्हाळाभर बाबा फोनवर "येऊ नकोस, कामात आहे" एवढंच म्हणत होते.

"बाबा, ही गाडी कोण चालवतंय?"

"मीच की."

"मला शेंड्या लावू नका. ही हवा जेमतेम सव्वाशे पौंडांच्या माणसासाठी आहे. कोण आहे ती?"

बाबांनी मफलर सोडला, मग सावकाश कोटाची चेन खाली ओढली.



कोटाच्या आत बाबा निम्मेच उरले होते.