प्याद्याचं दुसरं घर

“प्यादं पायी चालतं, बाय! दोन घरं उडायला त्याला काय पंख हायत?” बुद्धिबळ शिकवताना आबांनी दटावलं होतं. “शाळेत पहिल्या चालीला दोन चालतात,” मी म्हणताच त्यांनी पट गुंडाळला. त्यानंतर आम्ही खेळलोच नाही. मी बुद्धिबळात जिल्ह्यात पहिली आले, तरी त्यांनी कौतुक केलं नाही. महिन्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. त्यांना काय आठवतंय, हे अलिबागच्या डॉक्टरांनाही सांगता येईना. म्हणून आज पडवीत मी पट मांडला आणि त्यांच्या देशी डावाप्रमाणे प्यादं एकच घर सरकवलं. बोटानं त्यांनी माझंच प्यादं आणखी एक घर ढकललं, शाळेतल्यासारखं दुसऱ्या घरात. सगळं आठवत होतं त्यांना! “आबा, माझ्या बाजूनं खेळताय होय?” मी हसत-रडत विचारलं. आबांचे ओठ हलले आणि महिन्यात पहिल्यांदाच अडखळत शब्द फुटले. “चांगली खेळतेस गं. तवाच सांगायला पायजे व्हतं.”