जिन्याखालचं प्रेत

कॉलेजच्या परीक्षेसाठी माझ्या नातीला, कीलीला, एका थरारपटाची पहिली दोन मिनिटं चित्रित करायची आहेत. त्यात एक म्हातारी स्वतःच्याच घरात जिन्यावरून पडून मरते. जिना माझा, तेव्हा म्हातारीही मीच, हे मी ठरवून टाकलं.

माझी लेक डेनिस दोन वर्षं घोशा लावून बसलीय, "आई, जिना झेपत नाही तुला, वृद्धाश्रमात चल." या घरातून मी आडवीच निघणार, हे तिला तोंडावर सांगून झालंय.

परवा कीलीने आराखड्यासाठी माझे फोटो काढले. तासभर मी गार फरशीवर पडून होते.

"नॅन, बोलू नकोस ना, तू मेलीयस." आजीला ती नॅन म्हणते.

"मेले म्हणून गप्प बसू होय? तुझ्या आईला तेच हवंय."

पोरगी हसली नाही. खरं चित्रीकरण मार्चमध्ये आहे म्हणाली. तोवर केस रंगवणार नाही, असा मी शब्द दिला.

जाताना ती आपली परीक्षेची फाइल माझ्याकडे विसरून गेली. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी ग्रिम्सबीच्या गोदीवर मासे कापायला लागले, त्यामुळे माझं वाचन बोट ठेवून चालतं. 'चित्रीकरणाची जागा' या पानावर माझा पत्ता बघून ऊर भरून आला. बोट खालच्या ओळीवर नेलं.


"घरमालकाची परवानगी: आईने दिली आहे, नॅनला चौदा मार्चला वृद्धाश्रमात हलवलं की घर रिकामंच आहे."